काचेची चादर



संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. होम मैदानावर भरणाऱ्या या जत्रेला सोलापूरकर नुसते 'गड्डा' म्हणतात. पाळणे, भेळ, खेळणी या साऱ्यांबरोबर तिथे बांगड्यांची दुकाने असतात. कासार हाताचे माप डोळ्यांनीच घेतो, हात दाबून दाबून मऊ करतो आणि बांगडी सरकवतो. मधूनच एखादी बांगडी 'वाढते'. (फुटली म्हणायचे नाही, हे तुम्हाला घरी शिकवले असेलच!) संध्याकाळपर्यंत दुकानासमोर लाल, हिरव्या, निळ्या तुकड्यांचा सडा पडतो.

हे तुकडे गोळा करून काचापाणी खेळणाऱ्या मुली तुमच्या आईच्या किंवा आजीच्या पिढीत घरोघर होत्या. त्यांचा आणखी एक उद्योग होता. बांगडीचा अर्धगोल तुकडा चिमट्यात धरायचा, त्याचा मधला भाग मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवायचा. थोड्या वेळाने काच आपल्याच भाराने वाकू लागे, तुकड्याची दोन टोके जवळ येत आणि एक कडी तयार होई. त्या कडीत दुसरा तुकडा अडकवून तोही वाकवायचा. असे करत करत दारावर टांगण्याजोगी रंगीत साखळी होई. आजीला विचारून पाहा. एखादी जुनी साखळी माळ्यावरच्या डब्यात अजून सापडेलही.

या आजीबाईंनी नकळत एक मोठा शोध हाताळला होता. काच वितळवून तिचे पाणी न करता, फक्त मऊ करून तिला आकार देता येतो, हा तो शोध. भट्टीत काचेचे तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांची नक्षी करण्याची सगळी कला याच गोष्टीवर उभी आहे. आणि ही कला जिथे हटकून फसते, ती जागा मी स्वतः चांगली पाहिली आहे. ती हकीकत आधी सांगतो.

माझ्या एका मित्राकडे मातीची भांडी भाजण्याची विजेची लहान भट्टी आहे. शाळेतल्या चार-पाच मुलामुलींना बरोबर घेऊन आम्ही ठरवले, की सोलापुरी चादरीसारखी नक्षी काचेत करायची. खिडकीच्या तावदानाचा एक वीतभर चौकोन घेतला. त्यावर बांगड्यांचे तुकडे ओळीने मांडले. भट्टी तापवली, तुकडे छान चिकटले, दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा काच इतकी सुरेख दिसत होती, की मुलांनी ती शाळेच्या प्रयोगशाळेत फळीवर उभी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी तास चालू असताना 'टक्' असा आवाज झाला. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता. काच आडवी दुभंगली होती, आणि चीर बांगड्यांच्या ओळीच्या कडेकडेने गेली होती. एका मुलीने विचारले, "सर, तापवताना फुटली नाही, निवताना फुटली नाही, मग आता तीन दिवसांनी तिला काय झाले?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर द्यायला आपल्याला काचेच्या पोटात शिरावे लागेल.

काच वितळते म्हणजे काय?

बर्फ शून्य अंशाला वितळतो. त्याआधी तो घट्ट असतो, नंतर पाणी असते. मधली अवस्था नसते. काचेचे असे नाही. तिला ठरलेला विलयबिंदूच नाही. वाळू (म्हणजे सिलिका), सोडा आणि चुना यांपासून नेहमीची काच बनते. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सियस तपमान लागते. सोडा मिसळला की ते बरेच खाली येते, आणि चुन्यामुळे काच पाण्यात विरघळत नाही. या मिश्रणातले अणू स्फटिकाप्रमाणे शिस्तीत रांगा लावून बसत नाहीत. द्रवातल्या अणूंसारखे अस्ताव्यस्त असतानाच ते जागच्या जागी थिजतात. म्हणून काच तापवली की ती हळूहळू, पायरी न घेता, मऊ होत जाते.

कारखान्याच्या भट्टीत काच १,४०० ते १,५०० अंशांना काकवीसारखी वाहते. तिथे लाल आणि निळी काच एकत्र ओतली तर रंग एकमेकांत मिसळून जातील. पण ८०० अंशांच्या आसपास तीच काच मधापेक्षा हजारो पटींनी दाट असते. शेजारी ठेवलेले दोन तुकडे कडेला कडा लागून एकजीव होतात, वरच्या धारा गोल होतात, पण लाल आपल्या जागी राहतो आणि निळा आपल्या. नक्षी टिकते ती काच पुरती वितळत नाही म्हणून! दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. भट्टीकाम करणारा कारागीर खरे म्हणजे तपमान सांभाळत नसतो, तो श्यानता सांभाळत असतो.

सुमारे ६५० अंशांना काच साच्यावर ठेवली तर ती आपल्या भाराने वाकून साच्यात बसते. तबके आणि वाडगे असे करतात. साडेसातशेच्या आसपास तुकडे चिकटतात, पण त्यांचे उंचवटे हाताला लागतात. आठशेच्या पुढे सारे सपाट, एकसंध होते. तावदानाच्या काचेला यापेक्षा थोडे अधिकच लागते. बांगडीच्या काचेत सोडा बहुधा जास्त असतो, म्हणून ती आधी मऊ होते. मेणबत्तीवर साखळी जमते त्याचे हेही एक कारण.

इथे एक गंमत पाहा. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेचा एकच थर भट्टीत पूर्ण मऊ केला तर तो आक्रसतो, कडा जाड होतात आणि आकार लहान होतो. दोन थर घेतले तर आकार जवळपास होता तसा राहतो. तीन थर घेतले तर काच बाजूंना पसरते. जणू काचेला सहा मिलिमीटर जाडीच आवडते! मेणकागदावर पाण्याचा थेंब ठेवा आणि त्यात पाणी घालत जा. थेंब रुंद होईल, पण एका मर्यादेपलीकडे उंच होणार नाही. पृष्ठताण त्याला गोळा करू पाहतो आणि गुरुत्वाकर्षण पसरवू पाहते. दोघांची बरोबरी झाली की उंची ठरते. मऊ काचेत हीच रस्सीखेच सहा मिलिमीटरच्या आसपास सुटते. म्हणून कारागीर बहुधा तीन-तीन मिलिमीटरचे दोन थर घेऊन काम करतात.

नक्षी कशी विणतात?

सोलापुरी चादर तुमच्या घरात असेल. ती उलटून पाहा. एका बाजूला पांढऱ्यावर निळे फूल असेल तर दुसऱ्या बाजूला निळ्यावर पांढरे दिसेल. नक्षी वरून छापलेली नाही, जकार्ड मागावर ती विणीतच बसवलेली आहे. काचेतही असे दोन प्रकार होतात. तावदानावर रंगीत तुकडे मांडून चिकटवले तर ती झाली छापील चादरीसारखी नक्षी. पण रंगीत काचांच्या पट्ट्या कापून त्या आडव्या न ठेवता काठावर उभ्या केल्या, पुस्तके फळीवर लावतो तशा एकमेकींना खेटून लावल्या, आणि चारी बाजूंना भट्टीच्या विटांचे बांध घातले, तर भट्टीतून निघणाऱ्या लादीत प्रत्येक रेघ वरपासून खालपर्यंत आरपार असते. दोन्ही बाजू सारख्या. माझ्या मते ही खरी काचेची चादर.

पट्ट्या कापण्यासाठी हिरकणी वापरतात. हिरकणी काच कापत नाही, फक्त ओरखडा काढते. मग दोन्ही बाजूंनी किंचित वाकवले की ओरखड्यावर ताण येतो आणि काच तिथे दुभंगते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता एक कोडे. काळ्या आणि पांढऱ्या, एकाआड एक, अशा एक सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्यांची लादी भट्टीत तयार झाली. तिचे आडवे, पुन्हा एक-एक सेंटिमीटर रुंदीचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात आता काळे-पांढरे असे आठ चौकोन आहेत. एक सोडून एक तुकडा उलट फिरवून ठेवा, म्हणजे डावे टोक उजवीकडे. पुन्हा भट्टीत घाला. बुद्धिबळाचा पट तयार! आठऐवजी सातच पट्ट्या घेतल्या असत्या तर काय झाले असते? कागदाच्या पट्ट्या कापून करून पाहा. (तुकडा उलटा केला तरी काही फरक पडणार नाही, का, ते तुम्हीच शोधा.)

याहून बारीक नक्षीसाठी आणखी एक युक्ती आहे. सोऱ्यातून चकली पडताना पाहिली आहे ना? ती कुठेही तोडा, काप तोच चांदणीचा दिसतो. काचेच्या रंगीत कांड्या अशा रचायच्या की त्यांच्या मोळीच्या तोंडावर फूल दिसेल. मोळी तापवून एकजीव करायची आणि मऊ असताना दोन्हीकडून ताणायची. फूल लहान होत जाते, पण बिघडत नाही. समजा, मोळी चार सेंटिमीटर व्यासाची आणि दहा सेंटिमीटर लांब होती. ताणून व्यास अर्धा सेंटिमीटर केला. व्यास आठपट कमी झाला, म्हणजे काप चौसष्टपट लहान झाला. काच तेवढीच आहे, म्हणून लांबी चौसष्टपट वाढली पाहिजे: ६४० सेंटिमीटर, साडेसहा मीटरला थोडी कमी. या कांडीच्या चकत्या कापल्या की शेकडो सारखी फुले हाती येतात. ती शेजारी शेजारी मांडून भट्टीत जोडायची, मग तयार झालेली चकती पालथ्या साच्यावर ठेवून वाकवायची, की झाला फुलांचा वाडगा.

ही युक्ती आजची नाही. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे कारागीर इसवी सनापूर्वी दोन-अडीचशे वर्षे असे वाडगे करीत होते. ग्रीसजवळ अँटिकायथेरा बेटापाशी बुडालेल्या जहाजातून १९०० आणि १९०१ साली जे सामान वर काढले, त्यात दातेरी चाकांचे ते प्रसिद्ध यंत्र होते. त्याच जहाजात अशा रंगीत काचेचे वाडगेही होते. पुढे फुंकनळीचा शोध लागला, काच फुग्यासारखी फुगवता येऊ लागली आणि हे वेळखाऊ काम मागे पडले.

आपला मुलूख या सगळ्यापासून दूर नव्हता. सोलापूरहून धाराशिवला गेलात की पुढे तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे. प्राचीन काळचे तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे बंदरांचे माहितीपुस्तक आजही उपलब्ध आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून पुष्कळ कापड भडोचच्या बंदरात जाते, असे त्यात म्हटले आहे. त्याच भडोचला परदेशातून येणाऱ्या मालाची यादीही तो देतो: मद्य, तांबे, कथील, पोवळे… आणि कच्ची काच! म्हणजे इकडून कापड जाई आणि तिकडून काचेचे गोळे येत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंती बाहुलीबरोबर जुने मणीही आहेत. सहल तिकडे गेली तर मण्यांच्या पेटीपुढून घाईने जाऊ नका. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, त्यात बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या सापडल्या. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाची काच बसवलेल्या बांगड्याही त्यांत होत्या. ते उत्खनन करणाऱ्यांपैकी डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहासच लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. दोन रंगांच्या काचा न तडकता एकत्र कशा राखायच्या, हे त्या बांगड्या करणाऱ्यांना माहीत होते. आम्हाला नव्हते!

पाऊण दशांश मिलिमीटरचे भांडण

चला, आता आमच्या फुटलेल्या काचेकडे. तापवल्यावर पदार्थ प्रसरण पावतात आणि निवताना आकुंचन पावतात, हे तुम्ही शिकला आहात. किती, ते प्रसरणांकावरून कळते. तावदानाच्या काचेचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००००९ आहे. म्हणजे एक मीटर काच एक अंशाने तापली की मीटरच्या दहा लाखांतले नऊ भाग वाढते. काचेत सोडा वाढवला की प्रसरणांकही वाढतो.

साधारण ५०० अंशांच्या वर काच किंचित मऊ असते, म्हणून तोवर दोन थरांत काही कुरबुर झाली तरी काच सरकून ती मिटवते. त्याखाली मात्र ती पूर्ण कडक होते. इथून खोलीच्या ३० अंशांपर्यंत ४७० अंश निवायचे आहे. तीस सेंटिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी किती आक्रसेल?

३०० × ०.०००००९ × ४७० = १.२७ मिलिमीटर.

शेजारच्या रंगीत काचेचा प्रसरणांक ०.०००००९६ असेल तर?

३०० × ०.०००००९६ × ४७० = १.३५ मिलिमीटर.

फरक सुमारे ०.०८ मिलिमीटर. वहीच्या पानाएवढासुद्धा नाही! पण दोन्ही काचा आता एकजीव आहेत. जिला जास्त आक्रसायचे आहे तिला पहिली आक्रसू देत नाही. म्हणून एक ताणली जाते, दुसरी दाबली जाते. काच वाकायला, ताणायला अतिशय ताठर असल्यामुळे एवढ्याशा फरकाने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ निर्माण होते. दाब काच आनंदाने सोसते. ओढ तिला सोसत नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर न दिसणारे ओरखडे नेहमीच असतात, आणि ओरखड्यावर ओढ आली की काय होते ते हिरकणीने आपल्याला दाखवलेच आहे.

प्रयोगशाळेतले बोरोसिलिकेट चंचुपात्र ज्योतीवर ठेवता येते, कारण त्याचा प्रसरणांक तावदानाच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो. आता तुम्हीच सांगा, चंचुपात्राचा तुकडा तावदानावर चिकटवला तर? वरचे गणित पुन्हा करा, फरक ०.०८ नव्हे, ०.८ मिलिमीटर येईल. अशी काच तीन दिवस थांबत नाही. भट्टीतच तिचे तुकडे होतात.

मग आमची काच तीन दिवस का थांबली? याचे उत्तर हवेतल्या दमटपणात आहे. काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध भक्कम असतात. पण चिरेच्या अगदी टोकाशी ते ताणलेले असतात, आणि ताणलेल्या बंधावर पाण्याचा रेणू येऊन बसला की तो बंध तुटतो. चीर एक अणूभर पुढे सरकते. मग पुढचा बंध, मग त्याच्या पुढचा. दिवसेंदिवस चीर अशी मुंगीच्या पावलाने चालत राहते, आणि एका ठरावीक लांबीला पोचली की उरलेली सारी काच एका क्षणात फाटते. आपल्याला ऐकू येतो तो 'टक्' फक्त शेवटच्या क्षणाचा. त्या मुलीला मी सांगितले, की काच तिसऱ्या दिवशी फुटली नाही. ती पहिल्या रात्रीपासून फुटत होती.

याच कारणासाठी काचेची नक्षी करणाऱ्यांना एकमेकींशी जुळणाऱ्या प्रसरणांकाच्या रंगीत काचा लागतात. आणि ते सोपे नाही. कारण निळ्यासाठी कोबाल्ट, जांभळ्यासाठी मँगॅनीज, पिवळ्या-लालसाठी कॅडमियम आणि सेलेनियम असे निरनिराळे पदार्थ मिसळले की काचेचे गुणधर्मही थोडे थोडे बदलतात. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात १९७४ साली सुरू झालेल्या 'बुल्सआय' या कारखान्याने अशा मुद्दाम जुळवून, तपासून पाहिलेल्या काचा विकायला सुरुवात केली, तेव्हा ही जुनी कला पुन्हा जोमाने पसरली. तरी रसायनशास्त्र मधूनच खोडी काढतेच. तांब्याची फिरोजी काच आणि गंधकयुक्त पिवळी काच शेजारी ठेवली तर त्यांच्या सीमेवर तपकिरी-काळी रेघ उमटते. ती असते कॉपर सल्फाइडची. काही कारागीर ही रेघ मुद्दाम काढून घेतात!

निवण्याचे शास्त्र

काचा जुळल्या म्हणजे काम झाले असे नाही. गरम काच चटकन निववली तर एकाच रंगाची काचही स्वतःशी भांडते. बाहेरचा थर आधी थिजतो. आतला नंतर निवतो, आक्रसू पाहतो, पण बाहेरच्या कवचाने त्याला धरून ठेवलेले असते. कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे उलट्या दिशेने तेच: थेंबाखालची जागा एकाएकी आक्रसते आणि भोवतालची गरम काच तिला ओढते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली सुरू झालेल्या काच कारखान्याचे 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघर होते, आणि पावसात कंदील घेऊन जाणाऱ्याला पहिली धास्ती काचेची असे.

उपाय एकच. काच कडक होण्याच्या जरा वर, तावदानासाठी सुमारे ५५० अंशांना, तपमान स्थिर धरायचे. आतबाहेर सारखे झाले, अणू किंचित सरकून आपापली तक्रार मिटवून बसले, की मग अगदी हळूहळू खाली उतरायचे. याला अनुशीतन म्हणतात. सहा मिलिमीटरच्या काचेला तासभर थांबून, पुढचे शंभर-दीडशे अंश तासाला पन्नास-साठ या गतीने उतरले तर पुरते. मग भट्टी बंद करून तिला आपोआप निवू द्यायचे. काच दुप्पट जाड केली तर वेळ दुप्पट लागेल असे वाटते ना? तो चौपट लागतो, कारण उष्णतेला वाटही दुप्पट आणि बाहेर काढायचा साठाही दुप्पट. अमेरिकेतल्या पॅलोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी पाच मीटर व्यासाची काचेची तबकडी १९३४ साली ओतली, ती निववायला सुमारे दहा महिने लागले.

भट्टी तापवतानाही घाई चालत नाही, पण ती बाब थोडक्यात उरकतो. पाचशे अंशांपर्यंत सावकाश जायचे. सुमारे ६७० ला अर्धा तास थांबायचे, म्हणजे थरांमध्ये अडकलेली हवा निघून जाते. तिथून मात्र भराभर वर. सातशे-आठशेच्या दरम्यान रेंगाळले तर काचेच्या पृष्ठभागावर स्फटिक वाढू लागतात आणि चकाकी जाऊन ती दुधाळ दिसते. आणि भट्टीच्या फरशीला आधी ॲल्युमिना आणि चिनी मातीचा पातळ लेप द्यायला विसरू नये, नाहीतर काच फरशीसकट बाहेर काढावी लागते.

आतली ओढ पाहता येते काय?

येते! आणि हा प्रयोग तुम्ही आज घरी करू शकता. साधा एलसीडी पडदा असलेल्या संगणकावर कोरे पांढरे पान उघडा. या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच प्रतलात होतात. पोलरॉइड काचांचा गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा काळा होईल. आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पारदर्शक फूटपट्टी धरा. काळ्या पार्श्वभूमीवर तिच्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतील. साच्यात थिजताना तिच्यात अडकून राहिलेले ताण प्रकाशाची कंपने फिरवतात, म्हणून तो प्रकाश गॉगलमधून पार होतो. स्वयंपाकघरातले कढईचे काचेचे झाकण धरून पाहा. त्यावर पांढरट चट्टे किंवा पट्टे दिसतील, कारण ते झाकण मजबुतीसाठी मुद्दाम चटकन निववून ताणलेले असते. तावदानाचा साधा तुकडा मात्र काळाच राहील. काचेचा हा गुण स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शोधला.

आमच्या फुटलेल्या काचेचे तुकडे मुलांनी असे धरून पाहिले. बांगडीच्या प्रत्येक तुकड्याभोवती पांढऱ्या प्रकाशाची कड उजळली होती. काच फुटण्याआधी हे पाहिले असते तर ती कुठे फुटणार, तेही सांगता आले असते.

दुसऱ्या वेळी आम्ही एकाच तावदानाच्या पट्ट्या कापल्या. निम्म्या पट्ट्यांवर काचेवर भाजून पक्का होणारा रंग पातळ चढवला, निम्म्या कोऱ्या ठेवल्या, आणि एकाआड एक काठावर उभ्या केल्या. भट्टी साडेपाचशेला दोन तास धरली आणि सकाळी हात लावण्याइतकी निवल्यावरच उघडली. पडद्यासमोर धरली तेव्हा लादी सर्वत्र काळी दिसली. एका कोपऱ्यात मात्र एक ठिपका उजळलेला होता. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच मुलीने सर्वांची नजर चुकवून तिथे हिरव्या बांगडीचा तांदळाएवढा तुकडा ठेवला होता. "एवढासा तुकडा किती ओढतो ते पाहायचे होते, सर." लादी फळीवर आहे. ती रोज सकाळी गॉगल घेऊन येते आणि त्या ठिपक्यापासून चीर निघाली का, ते पाहून वहीत तारीख लिहिते. अजून निघालेली नाही.